भोयरांची डावी बाजू

भोयर बंदुकीच्या दुर्बिणीतून बघताना दुसरा डोळा कधी मिटत नसत. आमच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात येणारा प्रत्येक नवा वनरक्षक बंदूक हातात आली की आधी एक डोळा घट्ट मिटतो. त्याबरोबर तोंडही वाकडं होतं. भोयर त्याच्या मिटलेल्या डोळ्यासमोर हात हलवायचे आणि विचारायचे, "याची आज सुट्टी आहे का गा?" मग गंभीर होऊन सांगायचे, "दुर्बीण जनावर जवळ आणते, पण आजूबाजूचं गाव खाऊन टाकते. हा दुसरा डोळा गावासाठी ठेवायचा असते."

मी पशुवैद्य. नागपूरला बदली होऊन आले तेव्हा भोयर केंद्रात आधीपासून होते. आमची बंदूक मारायची नाही, झोपवायची. तिच्यातून औषध भरलेली सुई सुटते. जनावराचं वजन बघून औषध मी भरायचं आणि सुई भोयरांनी मारायची, अशी वाटणी होती. माझं औषध चुकलं तर जनावर मरतं. त्यांचा नेम चुकला तर सुई पोटात जाते, डोळ्यात जाते, किंवा माणसाला लागते. बिबट्यासाठी भरलेलं औषध माणसाला झेपत नाही. गाडीत आम्ही दोघंही फारसं बोलत नसू, ते याच कारणानं.

सरावासाठी त्यांनी एका जुन्या सायकलच्या कॅरिअरवर भाताचं तणस भरलेलं पोतं बांधलं होतं. आमचा ड्रायव्हर गजानन ती सायकल आवारातल्या उतारावरून सोडून द्यायचा. भोयर पोत्यावर दुर्बीण धरून बंदूक फिरवत राहायचे. सायकल भिंतीला टेकून थांबली की मगच पाणी भरलेली सुई सोडायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "थांबल्यावरच मारायचं तर इतकं फिरवायचं कशाला?"

"मॅडम, आपली सुई म्हणजे एसटी आहे, विमान नाही. ती पोचेपर्यंत जनावर पुढच्या स्टॉपवर. म्हणून फिरवून राहायचं, मारायचं नाही. ते थांबते. अन् थांबते तेव्हा आपण तिथं पाहिजे."

नरखेड तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बागेत हे मी डोळ्यांनी पाहिलं. बिबट्या झाडांच्या ओळीतून येरझारा घालत होता. बागेचा मालक माझ्या कानाशी कुजबुजत होता, "मारत काहून नाही हे?" पाऊण तास भोयर नुसती बंदुकीची नळी फिरवत होते. एका ठिकाणी ठिबकची नळी गळत होती. बिबट्याने तिथे मान खाली घातली आणि सुई त्याच्या मांडीत बसली. परतताना मी विचारलं, तो तिथेच थांबेल हे कसं कळलं? म्हणाले, "मले कुठं कळलं? मी थांबून राहिलो होतो, बस."

मग एका हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की भोयर डावीकडून आलेल्या माणसाला दचकतात. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला लागतो. मला खात्री करायची होती. एके दिवशी त्यांचा चहाचा ग्लास टेबलावर त्यांच्या डाव्या हाताशी सरकवून ठेवला. ते उजवीकडे शोधत राहिले, मग म्हणाले, "गजानन, चहा नाही आणला का बे आज?"

"भोयर, डावा डोळा कसा आहे?" मी विचारलं.

"आहे नं जाग्यावर."

मी हसले नाही. मग त्यांनी खिशातून चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेला डॉक्टरांचा कागद काढून दिला. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, हे मला सांगायची गरज नव्हती. नेम उजव्या डोळ्याचा होता आणि तो उत्तम होता. गेला होता तो गावासाठी ठेवलेला डोळा.

"चार महिने राहिले मॅडम नोकरीचे," ते म्हणाले. "बंदूक काढून घेतली तर मले गेटवर बसवतील, पावत्या फाडायले. तुम्ही माझ्या डाव्या बाजूले उभ्या राहत जा. तिकडचं कोणी दिसलं तर खांद्यावर हात ठेवा. मी सोडणार नाही."

हा कागद त्याच दिवशी वरिष्ठांकडे द्यायला हवा होता. मी तो परत त्यांच्या हातात दिला. कारण साधं होतं: त्यांच्याइतका नेम दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि नवा माणूस तयार करायला वेळ लागला असता. असा हिशेब मी केला. पुढच्या तीन कॉलना मी डावीकडे उभी राहिले आणि तिन्ही वेळा सगळं ठीक झालं. तरी फोन वाजला की तो दुसऱ्या कुणी उचलावा म्हणून मी वाट बघू लागले.

चौथा फोन मार्चमध्ये आला, सकाळी नऊला. शहराच्या कडेला एका नव्या लेआउटमध्ये बिबट्या शिरला होता. चार-पाच बांधून झालेली घरं, बाकी मोकळे प्लॉट आणि झुडपं. आम्ही पोचलो तेव्हा गच्च्या माणसांनी भरलेल्या होत्या. पोलिस दोघंच. भोयर विटांच्या ढिगाआड गुडघा टेकून बसले, मी त्यांच्या डावीकडे. माझ्या बाजूला एक कंपाउंडची भिंत होती, तिच्यावरही पोरं-बाप्ये बसलेले.

"ओ काका, चष्मा घरी राहिला का?" गच्चीवरून कुणीतरी ओरडलं.

"मॅडम, तुम्हीच जाऊन टोचून या नं!"

हशा झाला. भोयर म्हणाले, "हसू द्या. हसून राहिले तोवर वर तर आहेत."

दहाच्या सुमारास बिबट्या झुडपातून निघाला. मादी होती, तरणी. समोरच्या घराच्या भिंतीच्या कडेकडेने चालू लागली. भोयरांनी तिच्यावर दुर्बीण धरली आणि नळी तिच्याबरोबर हळूहळू फिरू लागली. गच्चीवरून "मार! मार!" सुरू झालं. तिने वेग घेतला, नळीनेही घेतला. पुढे सिमेंटच्या टाकीपाशी कोपरा होता. "तिथं थांबते," ते पुटपुटले. मी टाकीकडे बघितलं. ती खरंच थांबली, मान वळवली आणि सरळ आमच्याकडे बघितलं. इतक्या जवळून इतकी शांत नजर मी पाहिली नव्हती.

माझे दोन्ही डोळे तिच्यावर होते.

डावीकडे वाळू सरकल्याचा आवाज आला तेव्हा मी वळले. एक माणूस भिंतीवरून खाली उतरला होता आणि मोबाइल समोर धरून टाकीच्या दिशेने चालत होता, आमच्या नेमात. मी भोयरांच्या खांद्यावर हात ठेवला नाही, धक्काच मारला. सुई सुटली. ती त्या माणसाच्या डोक्यावरून हातभर अंतराने समोरच्या घराच्या गिलाव्यात जाऊन बसली. मादीने त्याच्याच अंगावरून उडी घेतली, जाता जाता त्याचा खांदा फाडला आणि ती मागच्या टेकडीकडे पळाली.

माणूस वाचला. बावीस टाके पडले. ती मादीही पुढे कुठे दिसली नाही. आम्ही गाडीत बसलो. भोयरांनी बाटलीचं झाकण उघडून पाणी दिलं. म्हणाले, "मॅडम, सुंदर होती नं?"

मी मान हलवली.

"मले ठाऊक आहे. पहिली धा वर्षं मी पण जनावराकडेच पाहत होतो."

चौकशीत त्यांनी लिहून दिलं की डाव्या डोळ्याची नजर गेल्याचं त्यांनी सर्वांपासून लपवलं. सर्वांपासून, असा शब्द त्यांनी घातला होता. मी त्याखाली माझं वेगळं निवेदन जोडलं की मला तीन महिने माहीत होतं आणि त्या क्षणी डावीकडे बघण्याची जबाबदारी माझी होती. ते वाचून ते माझ्यावर चिडले, एवढंच एकदा. "काहून लिहिलं? मी तर जाऊनच राहिलो होतो नं!" मला लेखी ताकीद मिळाली. त्यांना गेटवर बसवलं. राहिलेला महिनाभर ते पावत्या फाडत बसले आणि निवृत्त होऊन भिवापूरजवळच्या आपल्या गावी गेले. जाताना दुर्बीण पुसायचा मऊ फडका माझ्या टेबलावर ठेवून गेले, धुऊन, घडी करून. पुढच्या वर्षी ते वारल्याचं गजाननकडून कळलं. मी त्या दिवशी एका विहिरीत पडलेलं जनावर काढायला गेले होते, जाता आलं नाही.

आता बंदूक मी धरते. सायकल आणि पोतं अजून आहेत. दोन्ही डोळे उघडे ठेवायला मला वर्ष लागलं. तरीही प्रत्येक ठिकाणी गेल्यावर आधी गजाननला माझ्या डावीकडे उभा करते. परवा एका कंपाउंडच्या भिंतीपाशी त्याने न राहवून विचारलं, "मॅडम, तुमचे डोळे तर चांगले आहेत नं?"

"त्या दिवशीही चांगलेच होते," मी म्हटलं. "तू भिंतीकडे बघ. बिबट्याकडे नाही."