दुपारची मालिका

रेकॉर्डर माझ्या भावाने कुवेतहून आणला. डीव्हीडीचा होता, पण आत कॉम्प्युटरसारखी हार्ड डिस्क. चकती न घालताही तासन्‌तास कार्यक्रम साठवून ठेवायचा. केबलची वायर आधी त्याच्यात आणि मग टीव्हीत जायची, त्यामुळे टीव्ही बंद असला तरी ठरलेल्या वेळी हा आपोआप सुरू व्हायचा. समोर एक बारीक लाल दिवा लागायचा, म्हणजे काम चालू आहे असं समजायचं.

आम्ही तेव्हा काळाचौकीला चाळीत राहायचो. मी, नवरा आणि सासूबाई. मी फोर्टातल्या एका कचेरीत होते. संध्याकाळी घरी आले की स्वयंपाक, आणि तेव्हाच नवऱ्याची क्रिकेटची मॅच. मला हवं ते बघायला मिळायचं नाही म्हणून भावाने ही सोय केली. सासूबाईंनी त्या यंत्राकडे नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, त्यांना त्यातलं काही कळत नाही, त्या आपल्या दुपारी अंग टाकून मालिका बघतात, तेवढं पुरे.

ती मालिका म्हणजे त्यांचा नेम होता. रात्री जेवताना नवरा विचारायचा, आज काय झालं, आणि त्या थोरल्या जावेचं कारस्थान, धाकटीचं रडणं सगळं साग्रसंगीत सांगायच्या. आम्ही दोघं हसायचो.

एकदा कचेरीतलं पाणी गेलं म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. मी घरी आले तर दाराला कुलूप. माझ्याकडे किल्ली होती. आत टीव्ही बंद, पंखा बंद, सासूबाईंच्या चपला नाहीत. आणि रेकॉर्डरचा लाल दिवा चालू. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं लावून ठेवलंय. टीव्ही लावला तर पडद्यावर त्यांचीच मालिका.

मी थांबायला हवं होतं. पण थांबले नाही. टीव्ही बंद केला, कुलूप लावलं आणि लालबागला मसाल्याच्या गल्लीत जाऊन उगाच मिरच्या बघत फिरले. नेहमीच्या वेळेला परत आले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. रात्री जेवताना त्यांनी त्या दिवसाचा भाग सांगितला, एकही प्रसंग न गाळता. वर म्हणाल्या, झोप येत होती पण डोळा लागू दिला नाही.

त्यानंतर मी रेकॉर्डरवर लक्ष ठेवायला लागले. दुपारचा टायमर रोजचा लावलेला होता, तो मी लावलेला नव्हता. संध्याकाळी बघावं तर दुपारचं काहीच सापडायचं नाही. बघून झालं की पुसून टाकत होत्या. ज्या बाईला टीव्हीचा आवाज कमी करायलासुद्धा मी लागायचे, तिने हे सगळं शिकून घेतलं होतं, आणि शिकल्याचं लपवलं होतं.

कुठे जात असतील, यावर माझं डोकं चालू झालं. आधी वाटलं एखाद्या बाबाच्या नादी लागल्या. आमच्या मजल्यावरची एक बाई तशीच लागली होती. मग वाटलं दागिने मोडतायत. त्यांच्या हातातल्या पाटल्यांकडे माझी नजर जायला लागली. मग वाटलं, माझ्याबद्दलच कुठेतरी जाऊन बोलत असतील. नवऱ्याला सांगितलं नाही. त्याने सरळ तोंडावर विचारलं असतं, आणि मला आधी खात्री हवी होती.

शेवटी एका सकाळी कचेरीला निघण्याआधी मी तो टायमर काढून टाकला.

रात्री नवऱ्याने नेहमीप्रमाणे विचारलं, आज काय झालं. सासूबाईंनी आमटीत भात कालवला आणि शांतपणे म्हणाल्या, आज विशेष काही नाही, नुसत्या रडत होत्या. नवरा हसला. मी ताटाकडे बघत राहिले. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामाला गेल्यावर त्या मोरीत भांडी घासत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “काल ती बत्ती तूच घालवलंस मा?”

मी हो म्हटलं.

“मग आज रजा टाक. चल माझ्यावांगडा. मी खंय जातंय ता बघ.”

त्यांनी डबा भरला, वर फडकं बांधलं. आम्ही बसने शीवला उतरलो, कोळीवाड्याच्या दिशेने चालत गेलो. एका बैठ्या घराच्या मागच्या खोलीशी थांबल्या आणि दारावर थाप न मारता आत शिरल्या. खाटेवर एक म्हातारा बसला होता. कान, कपाळ, भुवया, सगळं माझ्या नवऱ्याचं. मी त्यांना कधीही बघितलं नव्हतं. आमच्या घरात त्यांचा फोटोही नव्हता.

माझे सासरे. गिरणी बंद पडल्यावर नवरा शाळेत असतानाच ते घर सोडून गेले होते, शीवच्या एका बाईकडे. सासूबाईंनी खानावळ चालवून मुलाला मोठं केलं. बाप हा विषय माझ्या नवऱ्याने आमचं लग्न ठरतानाच मिटवला होता. म्हणाला होता, मला वडील नाहीत, यावर पुन्हा विचारू नकोस.

सासऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग सासूबाईंना विचारलं, ही कोण, आणि कशाला आणलीस. सुनेला आणलंय म्हटल्यावर त्यांनी डबा जवळ ओढला, पण जेवताना अधूनमधून माझ्या पिशवीकडे बघत होते.

परतताना बसथांब्यावर सासूबाईंनी सांगितलं. चाळीतल्या कोणीतरी त्यांना बातमी दिली होती की ती बाई वारली आणि हा एकटाच आजारी पडून आहे. त्यांचा विश्वास बसला नाही.

“खरोच एकटो आसा काय, ता बघूक पयल्यांदा गेल्लंय,” त्या म्हणाल्या.

जाऊन त्यांनी दोरीवर लुगडं वाळतंय का बघितलं, फणी बघितली, मोरीतली भांडी बघितली. शेजारणींना वेगवेगळं गाठून विचारलं. तरी समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा गेल्या. मग डबा न्यायला लागल्या. त्यांना वाटायचं, तो आजाराचं सोंग करतोय. आणि त्याला वाटायचं, ही सहीसाठी येतेय.

सहीचं खरं होतं. चाळ पाडून टॉवर बांधायचं चाललं होतं, प्रत्येक भाडेकरूची संमती हवी होती, आणि आमच्या खोलीची पावती अजून सासऱ्यांच्याच नावावर होती. कमिटीवाले जिन्यात गाठून विचारायचे. मी सासूबाईंना सरळ विचारलं, आई, सहीसाठीच ना?

“सहीचा नाव मी काढूक नाय,” त्या म्हणाल्या. “तेनाय काढूक नाय.”

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यांचं कौतुकच वाटलं, की बाई किती धीराने काम करतेय. मी नवऱ्याला काही बोलले नाही. दुपारचा टायमर मीच परत लावून दिला.

मग एका रविवारी कमिटीचा एक माणूस पेढे घेऊन आला. नवऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाला, तुमचे वडील काल स्वतः खाली कमिटीच्या कचेरीत आले, सही करून गेले, तुमचं अडलेलं काम झालं. तो गेल्यावर नवऱ्याने दार लावलं. पेढ्याचा पुडा त्याच्या हातातच होता.

“त्यांना कोणी आणलं?” त्याने विचारलं.

सासूबाई खाली बसल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्याला ते दिसलं नाही. त्याने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं, आणि आम्हा दोघींना काहीतरी ठाऊक आहे हे त्याला लगेच समजलं. मग मी सगळं सांगितलं, शीव, डबा, दुपारची मालिका. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, “म्हणजे रोज जेवताना मला गोष्टी सांगत होतात.”

सोमवारी मी कचेरीत गेले नाही, घर सोडवेना. तोही घरीच होता. दुपारी सासूबाईंनी डबा भरायला घेतला तेव्हा तो ओट्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, सही झाली ना, आता कशाला जातेस?

“तुका वाटला मी सहीसाठीच जातंय?”

“हो.”

“तेकाय तसाच वाटता,” त्या म्हणाल्या. “म्हणान आज जाऊक व्हया.”

तो बाजूला झाला. मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर गेले.

सासरे दारातच बसले होते. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला असं काही मला म्हणता येणार नाही. ते दचकले. “सही केलंय मी,” म्हणाले. “आता काय व्हया?” सासूबाई आत गेल्या, ताटली काढली, बांगड्याचं तिखलं वाढलं. सासऱ्यांनी ताटली नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि विचारलं, कालचं आहे का. मग हात धुवायला उठले.

त्यानंतर सासरे दोन पावसाळे जगले. नवरा तिथे कधी गेला नाही, पण घरात त्यांचं नाव निघायला लागलं. सासूबाई निघाल्या की तो विचारायचा, औषध संपलंय का, छत्री घेतलीस का. अंत्यविधीला तो गेला, सगळं केलं, आणि घरी येऊन आईजवळ बराच वेळ बसला. पुढे चाळ पडली, टॉवर झाला, आता आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो.

सासऱ्यांनी सही का केली, यावर आमच्या घरात तीन मतं आहेत. नवऱ्याला वाटतं, कोणीतरी त्यांना काहीतरी कबूल केलं असणार. सासूबाई म्हणतात, त्याला आपली जुनी खोली बघायची होती, आणि तेवढ्यासाठी तो कचेरीपर्यंत आला, पण जिना चढायला धजला नाही. मला वाटतं, सही झाल्यावरही डबा येतो का, हे त्यांना बघायचं होतं. ते असताना मी सासऱ्यांना एकदा विचारणार होते. पण त्यांनी आधी मलाच विचारलं असतं, तुला कोणी पाठवलं, म्हणून राहिलं.