साडी आमची, डोकेदुखीही आमची

किस्से आम्हाला जमवावे लागत नाहीत. साडी नेसून स्टेजवर नाचणाऱ्या पुरुषाला ते रस्त्यात गाठतात आणि डोकं उठवून जातात!

आमचा ग्रुप तिघांचा. मी, दिवसा धाराशिवात मोबाइलचं दुकान चालवतो. अनिकेत पुण्यात शिकून आलेला. आम्ही करतो त्याला 'ड्रॅग' म्हणतात, हे त्याच्याकडूनच कळलं. आणि बाळू, मेंढरं राखणाऱ्या घरातला, आमच्यातला सगळ्यात देखणा. तिघंही गे. माझ्या आणि अनिकेतच्या घरी भांडणं, रडारड सगळं होऊन आता लोक दमलेत. बाळूच्या घरी मात्र 'पोरगं ऑर्केस्ट्रात साऊंडवर असतं' एवढंच माहीत. आईला सांगायचं सांगायचं म्हणत त्याचा दसरा जातो, दिवाळी जाते.

*

भूमला गणपतीचा कार्यक्रम होता. अनिकेतनं निवेदकाला समोर बसवून सगळं समजावलं. आम्ही कोण, हे का करतो, आमच्यासाठी ही साडी म्हणजे काय. निवेदक मान डोलवत होता. आम्हाला वाटलं, चला, एक तरी शहाणा भेटला!

पडदा उघडला. आम्ही पाठमोरे, डोक्यावर पदर, पब्लिकच्या शिट्ट्या. तेवढ्यात हा माइकवर म्हणतो, "कुणी गैरसमज करून घेऊ नये. तिन्ही कलाकार पुरुष आहेत, चांगल्या घरचे आहेत आणि हे नुसतं स्टेजपुरतं आहे!"

नेसायला आम्हाला दीड तास लागला होता. ह्यानं एका वाक्यात फेडली!

*

कपडे कुठं बदलायचे, हे तर कायमचं दुखणं. कमिटीवाले म्हणतात, "लेडीजकडं जावा." लेडीज म्हणतात, "अगं बाई, गडी हायेत ते!" शेवटी मंडपवाल्याच्या टेम्पोत, बांबूंच्या मधी उभं राहून निऱ्या घालायच्या.

एकदा तिथंही एक आजी डोकावल्या. बाळूच्या निऱ्या बघून त्यांना राहवेना.

"नेसाया कुणी शिकवलं रं?"

"यूट्यूबनं, आजी."

"तरीच!"

आणि सगळी साडी सोडून त्यांनी पहिल्यापासून नेसवली. कार्यक्रम खोळंबला, पब्लिक बोंबलायला लागलं. कमिटीनं झापलं आम्हाला. आजींना कोण बोलणार?

*

उमरग्याचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ. कार्यक्रम संपल्यावर माझ्याबरोबर सेल्फी. खांद्यावर हात, गालाला गाल, पोझ बदलून बदलून. सकाळी दुकानात शटर वर करतोय तोच फोन.

"मॅडम, ते फोटो स्टेटसला टाकू नका बरं का. माझी सोयरीक चाललीय."

"शेठ, फोटो तुमच्याच मोबाइलमध्ये आहेत," मी म्हणालो.

शेठनी बहुतेक तिथंच गॅलरी उघडली.

"मग पाठवू का तुमाला? लई भारी आलेत!"

*

शहरात वेगळी तऱ्हा. पुण्यात एका मोठ्या हॉलमध्ये आमच्यासारख्यांचाच कार्यक्रम होता. तिथले कलाकार फार प्रेमानं वागले. त्यांच्या पापण्याच आमच्या अख्ख्या मेकअपपेक्षा महाग! पण एक मुलगी माइक घेऊन बाळूच्या मागं लागली. डोळ्यांत आधीच पाणी. "तुम्हाला गावाकडं फार त्रास होत असेल ना?"

"लई," बाळू म्हणाला.

तिनं माइक आणखी जवळ नेला. "नेमका कसला?"

"लाइट जाती. मग गाणं मधीच बंद पडतं."

मुलाखत तिथंच संपली. बाळूला शेवटपर्यंत कळेना, त्याचं काय चुकलं.

*

हा किस्सा मात्र समोर घडताना मला हसूही आलं आणि रागही. येडशीला टपरीवर आम्ही चहा घेत होतो, तिथं एक मामा आले. आदल्या दिवशी आमचा कार्यक्रम बघितलेला. बाळूला म्हणाले, "आमच्या भाचीसाठी इचारायचं हुतं. साडीतलं कळतं, मेकअपमधलं कळतं, दारूचा वास न्हाय. पोरगी सुखात ऱ्हाईल!"

बाळूनं चहाचा कप खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. "मामा, मला पोरींत मन न्हाय. मला गडी आवडतेत."

मामांनी शांतपणे बशीतला चहा संपवला. "ते कलेचं झालं. आता घरचं बोला!"

ते गेल्यावर बाळूनं कपातला गार चहा ओतून दिला. "आयुष्यात पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला सांगितलं, तर त्यानं ऐकूनच घेतलं न्हाय," तो म्हणाला. "आईनं बी असंच केलं तर?"

अनिकेतनं त्याच्यासाठी दुसरा चहा मागवला.

*

आणि मग बाळूच्याच गावच्या जत्रेची सुपारी आली. कमिटीला आमच्यात बाळू आहे हे माहीत नाही, आणि गाव कुठलं हे न विचारता अनिकेत होय म्हणून बसलेला! मी त्याला शिव्या घातल्या. बाळूला म्हणालो, तू राहू दे, आम्ही दोघं निभावतो.

कार्यक्रमाच्या दिवशी बाळू साडीची पिशवी घेऊन हजर. "सांगाया जमंना मला. नाचून दावतो."

भर दुपारी नाचलो. बाळूची आई बायकांत पुढंच बसलेली. बाळूनं तिच्याकडं बघितलं नाही, आणि तिनं त्याच्यावरची नजर काढली नाही. लोकांनी तर बाळूला कधीच ओळखलं होतं, ते माना वळवून वळवून तिच्याकडंच बघत होते.

त्या गावात जत्रेत नाचणाऱ्या बाईची ओटी भरायची पद्धत आहे. कार्यक्रम झाला, बायका नारळ-तांदूळ घेऊन आल्या आणि आमच्यापुढं येऊन थबकल्या. भरायची का नाही? एकमेकींना कोपरानं ढोसणं सुरू झालं. एवढ्यात गर्दीतून आई पुढं आली. मला कुंकू लावलं, माझी ओटी भरली. अनिकेतची भरली. मग बाळूसमोर उभी राहिली.

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, गड्याची ओटी भरतेत व्हय?"

"गडी हाय ते मला ठावं हाय," आई मागं न बघता म्हणाली. "म्याच जन्माला घातलाय."

तिनं कुंकू लावलं. पदरात नारळ ठेवला, खण ठेवला. बाळूच्या हातातला पदर सैल पडला.

"आई," तो म्हणाला, "हे नुसतं स्टेजवरचं न्हाय."

आईनं ओंजळीत तांदूळ घेतले.

"मग पदर घट धर. सांडंल."