बाज्यावरचा पोपटी रंग

आमच्या घरातला चावीचा फोनोग्राफ पोपटी होता, असं सांगितलं की लोकांना मी थापा मारतोय असं वाटतं. पण ऑइल पेंट उरला की आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हाताला खाज सुटायची. उसाची ट्रॉली रंगवून अर्धा डबा उरला, तेव्हा त्यांनी गोठ्याचं दार रंगवलं, धान्याची कोठी रंगवली, सुट्टीवर आलो होतो म्हणून माझी फौजेची ट्रंकही सोडली नाही. तरी रंग संपेना, तेव्हा आईच्या माहेराहून आलेल्या फोनोग्राफची, तिच्या भाषेत बाज्याची, लाकडी पेटी त्यांनी पुढ्यात घेतली.

गेल्या वर्षी आबा गेले. मी निवृत्त होऊन मलकापूरच्या घरी बसलेलो, आणि रिकामा फौजी घरच्यांना किती ताप देतो ते माझ्या बायकोला विचारा. तिनेच पेटीकडे बोट दाखवलं. सांधे सुटले होते, एक कोपरा वाळवीने खाल्ला होता. मी आतलं यंत्र काढून बाजूला ठेवलं आणि मिरजेला एका तंबोरे बनवणाऱ्या कारागिराकडून जुन्या सागाचा तुकडा आणला. फोटो बघून त्याने विचारलं, रंग काढणार असाल ना? मी त्याच्यावर उखडलोच. झाकणावर आबांच्या ब्रशाचे दोन केस रंगात चिकटलेले होते, एक ओघळ तसाच वाळला होता. माझ्या लेखी तो आबांचा हात होता, आणि तो मी खरवडणार नव्हतो.

कोपरा छान बसला. नव्या तुकड्याला द्यायला तसाच पोपटी रंग कराडात मिळतो का बघतो, असं मी आईला म्हणालो. ती पायरीवर शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "रंग आनू नगंस. हाय त्यो पन खरवडून काढ."

मी चिडलो. आबांची एवढी एक आठवण ठेवतोय तर तीही तुला नको का, असं परेडच्या आवाजात बोलून गेलो.

"आठवन तुजी हाय," आई म्हणाली. "बाजा माज्या बापाचा हाय."

मी जेवणावर राग काढला. ताट वाढताना बायकोने मला जे सुनावलं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मुद्दा एवढाच, की लेकीला सासरी एकटं वाटू नये म्हणून आजोबांनी तो फोनोग्राफ तिच्याबरोबर पाठवला होता, आणि तिच्या माहेरचं म्हणावं असं या घरात आता दुसरं काही उरलेलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. कधी ध्यानात घेतलं नव्हतं, इतकंच. मी पुन्हा मिरजेला गेलो आणि खाली मान घालून पॉलिशसाठी चपडा लाख मागितली. कारागीर भला माणूस, लाख कशी विरघळवायची तेही त्याने समजावून सांगितलं.

रंग कांद्याच्या सालीसारखा सुटत होता. खालून तांबूस साग दिसायला लागला तशी आई पायरी सोडून माझ्याजवळ येऊन बसली. झाकणाच्या कडेला कोरलेली वेल होती, पण ती रंगाने पार बुजून गेली होती. आई रंगावरून बोट फिरवत सांगायची, हितं कळी हाय, हितं दोन पानं. गोधडी शिवायच्या सुईने मी तिथला रंग उकरला की कळी निघायची, शेजारी दोन पानं निघायची. एकदाही ती चुकली नाही. पण ब्रशाचे ते दोन केस खरवडताना तर हात चालेना. शेवटी मी विचारलंच, की आबा होते तेव्हा कधी का बोलली नाहीस.

"रंग दिऊन झाला तवा मला हाक मारली," ती म्हणाली. "हात, कपाळ, समदं पोपटी. म्हनले, बघ, तुजा बाजा नवाकोरा केला. लय खूश हुते. म्या म्हनलं, छान झालाय. येकदा छान म्हनल्यावर मागं कसं घ्यायचं?"

पदराने तिने वेलीवरची धूळ पुसली.

"आता त्येंला वाईट वाटायचं न्हाई."

माझे डोळे भरून आले. धुरळा गेला म्हणालो, आणि पुढच्या पानातला रंग उकरायला घेतला.