ज्यांनी आपल्या रिकाम्या गाड्या दाखवल्या

माधवराव जगदाळे यांची आणि माझी पहिली भेट मार्केट यार्डात, त्यांच्या ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात झाली. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी संगणक कुठल्या वर्गात शिकलो नाही. पुस्तकं वाचून, यंत्र उघडून शिकलो, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. माधवरावांनी चहा मागवला आणि विचारलं, "आमच्या गाड्या माल उतरवून नागपूरहून रिकाम्या येतात. त्याच दिवशी तिथं दुसऱ्या कुणाचा माल गाडीची वाट बघत पडलेला असतो. हे एकमेकांना कळवता येईल?"

"येईल. पण सगळ्यांनी खरं सांगितलं तर."

"ते माझ्याकडे," ते म्हणाले.

पुण्यातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांची सामाईक माहिती-व्यवस्था अशी सुरू झाली. मुख्य संगणक माधवरावांनी स्वतःकडे ठेवू दिला नाही. तो संघटनेच्या खोलीत ठेवला आणि किल्ली दिली हरीशभाईंकडे, म्हणजे आपल्या सर्वांत मोठ्या स्पर्धकाकडे. गिऱ्हाइकाचं नाव विचारणारा रकानाही मला काढायला लावला. "जे विचारलंच नाही, ते फुटणार कसं?" बैठकीत कुणीतरी माझं शिक्षण काढलं, तेव्हा म्हणाले, "ते सवडीनं विचारू. आधी यांच्या प्रोग्रॅममधली चूक दाखवा." चूक निघाली नाही. नव्हतीच.

सुरुवातीला मात्र पडद्यावर सगळ्यांच्या गाड्या भरलेल्या! गाडी रिकामी म्हणजे धंदा मंद. ते शेजाऱ्याला कोण दाखवणार? खिडकीबाहेर रिकाम्या ट्रकची रांग उभी. माधवरावांनी कुणालाही बोल लावला नाही. फक्त आपल्या रिकाम्या गाड्या ठिकाणासकट नोंदवल्या. त्यांची गाडी पुण्यात नाही, नागपुरात आहे हे पाहून हरीशभाईंनी थेट माधवरावांच्या जुन्या गिऱ्हाइकाला गाठलं आणि पुण्याहून इंदूरला जाणारा माल स्वतः उचलला.

पुढच्या बैठकीत सगळे उसळले. व्यवस्था बंद करा, हाच सूर. माझी सारी मेहनत मातीत जाणार होती. माधवराव शांतपणे वळले.

"हरीशभाई, पडद्यावर दिसलं ते खरं निघालं ना?"

"खरं होतं, साहेब."

"म्हणजे यंत्र चालतंय. अभिनंदन! आता तुमची गाडी इंदूरहून येणार कशी? रिकामी?"

मग माधवरावांनीच पुढं सांगितलं,

"तिथून पुण्याला यायचा माल माझ्याकडे आहे, गाडी नाही. नोंद करा, देतो."

हरीशभाई सर्वांसमोर संगणकापुढे बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, जपून! सवयीनं भरलेली लिहाल." सगळे हसले, हरीशभाईही. त्यांनी 'रिकामी' लिहिलं. ते उठले तेव्हा मागं दुसरे दोघे खुर्चीची वाट बघत उभे होते.

आज माधवराव पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. बैठकीला त्यांना पाच मिनिटं उशीर झाला, तरी त्यांच्या प्रकृतीच्या चौकशीचा पहिला फोन हरीशभाईंचा असतो. धंद्यातल्या स्पर्धकांनाच ज्यांचं दीर्घायुष्य हवं आहे, त्यांना मी निराळं काय चिंतावं? माधवराव, आपण ठणठणीत राहावं आणि शंभरीतही आम्हाला एका टेबलाशी बसवावं.