तिवर आणि मारांडीच्या नात्यासाठी : भाईंदर, पाली, वरसावे

"खाजणातल्या झाडांचा नाद सोडा, विषय बदला," माझे मार्गदर्शक सर म्हणाले आणि त्याच संध्याकाळी मी उत्तनजवळच्या पालीला जायचं ठरवलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. मी भाईंदर पश्चिमेला सासरी राहून वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. आमच्या खाडीच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या चिखलात, तिवर आणि काटेरी पानांची मारांडी शेजारीशेजारी वाढतात, पण पुस्तकांत त्यांची कुळं वेगळी. मला शंका होती की ही जवळची नातेवाईक असावीत. पान हिरवं दिसतं ते हरितलवकांमुळे, आणि या हरितलवकांचा स्वतःचा डीएनए असतो. बहुतेक फुलझाडांत तो आईकडूनच येतो आणि फार सावकाश बदलतो, म्हणून जुनी नाती शोधायला चांगला. माझी अडचण एवढीच, की मागवलेल्या पानांतून दर वेळी डीएनएऐवजी तपकिरी चिकट लगदाच निघायचा. यावेळी कोवळी पानं स्वतः खुडून, बर्फात ठेवून त्याच दिवशी वाटायची होती.

नणंद वंदनाने ऑफिसात रजा टाकली. "एकटी चिखलात जाऊ नकोस, मी स्कूटर काढते."

भाईंदरहून उत्तनचा रस्ता मिठागरांमधून जातो. सकाळी लवकर निघालात तर ऊन लागत नाही. नाक्यावर वडापाव खाऊन घ्या, पुढे पालीच्या गल्ल्यांत सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासानेच भूक चाळवते. स्कूटर गावाबाहेर लावून आम्ही चपला हातात घेतल्या. चिखल पोटरीपर्यंत होता. तिवराची पानं मिळाली, पण बर्फाचा थर्मास उघडला तर बर्फ वितळून आत नुसतं पाणी.

मासळीची टोपली घेऊन चाललेल्या एका मावशींकडे बर्फ मागितला. त्या थबकल्या.

"कोन गो तुमी? बिल्डरची मानसं हाव काय?"

"नाही मावशी, मी शिकतेय."

"आदी झाडं बघायला येतात, मंग भराव टाकतात. बरफ न्हाय मिलनार."

तेव्हा सगळीकडे बिल्डिंगी उठत होत्या, त्यांचा राग खोटा नव्हता. मी खुडलेली पानं दाखवली. कुठलं झाड कुणाच्या घरातलं, ते शोधतेय, म्हटलं.

"झाडांची सोयरीक?" त्या पहिल्यांदा हसल्या. "मंग झाडं तोडू नको हां." आणि टोपलीतला बर्फ ओंजळीने थर्मासात भरला.

परत भाईंदर, मग रेल्वे फाटक ओलांडून काशिमिऱ्यावरून घोडबंदर रोड. ट्रक अंगावर येतात, स्कूटर असेल तर कडेने चालवा. वरसाव्याला पुलाजवळ पोचलो तेव्हा भरती सुरू झाली होती. मारांडीची झुडपं पाण्यापलीकडे.

"आता बस झालं," वंदना म्हणाली. "पुढच्या आठवड्यात येऊ."

"पुढच्या आठवड्यात सर विषयच बदलून टाकतील. दोरी धर."

स्कूटरला सामान बांधायची दोरी कमरेला बांधून मी पाण्यात उतरले. पाणी मांडीपर्यंत आलं, मारांडीच्या काट्यांनी बोटं फाटली, पण कोवळे शेंडे मिळाले. वंदनाने मला ओढून काठावर घेतलं आणि आधी एक सणसणीत शिवी हासडली, मग रुमाल दिला.

संध्याकाळी चिखलाच्या कपड्यांतच प्रयोगशाळा गाठली. पानं वाटली, गाळली, आणि शेवटी नळीत डीएनएचे पांढरे, कापसासारखे धागे तरंगले. सरांनी नळी उजेडात धरली. "बरं," एवढंच म्हणाले. विषय टिकला.

पुढे बऱ्याच महिन्यांनी वंशवृक्ष तयार झाला. त्यात तिवर आणि मारांडी एकाच फांदीवर आली. नंतर इतरांच्या मोठ्या कामांतूनही तसंच दिसलं. आज खाजणात जाणार असाल तर आधी परवानगी काढा आणि भरतीची वेळ बघा.

वंशवृक्षाचा कागद मी स्वयंपाकघरात आणला, तेव्हा वंदना पोळ्या लाटत होती. तिने दोन फांद्या जोडणाऱ्या रेघेवर बोट ठेवलं.

"एवढ्याशा रेघेसाठी?"

"एवढ्याशा रेघेसाठी."

तिने लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग पोळी उलटत म्हणाली, "दुसरं कुठलं झाड राहिलं असेल तर सांग. रविवारी मोकळीच असते मी."