मांडीवरचं महूचं गाठोडं

ये पोरी, अशी जवळ बस. सहा महिने तोंड दाखवलं नाहीस, तुला रागवायचं तरी किती? बरं, ऐक.

मोलगीच्या बाजाराहून परतताना जीपमध्ये माझ्या शेजारी एक डोंगरातला माणूस होता. मांडीवर महूच्या सुक्या फुलांचं गाठोडं, घरी खायला घेतलेलं. दारूही याच फुलांची होते. पुढे बसलेल्या त्याच्या जुन्या सोबत्यानं दारूची बाटली मागे केली.

"घे रे, तुझा येशू काय जीपमध्ये बसलाय?"

सगळे हसले. तोही हसला, पण गाठोड्यावरची बोटं आवळली. डोळे मिटून काही पुटपुटला आणि बाटली तशीच परत दिली.

मी विचारलं, "भाऊ, सोडून किती वर्षं झाली?"

"वर्षं कसली, मावशी? आज सकाळीच सोडली. रोज सकाळी येशूकडे आजच्यापुरती ताकद मागतो. मन तर अजून धावतंच."

मन धावतंय आणि हा माणूस जागचा हलला नाही.

माझी दातांना लावायची तंबाखूची मिश्री मी पन्नासदा कायमची सोडली, पण ते सोडणं दुपारपर्यंत टिकायचं नाही. आता मीही देवाकडे आजच्यापुरतंच मागते. मिश्रीची डबी फळीवरच आहे, भरलेली. पुढच्या वेळी लवकर ये, आणि ती उघडून बघ, तशीच भरलेली आहे का.