उकळत्या दुधातली भुकटी

खाण्यापिण्याचं काहीही गरम दिसलं की अक्का आधी मनगटावर थेंब टाकायच्या. वर म्हणायच्या, "हातले सोसी तेच पोटले सोसी." चहासुद्धा यातून सुटायचा नाही.

धुळ्याच्या एका इस्पितळात मी तेव्हा नर्सिंगच्या मुलींना शिकवायचो. म्हणजे सकाळी पुस्तक चाळायचो आणि दुपारी विद्वान व्हायचो. वर्गात वयानं थोरल्या म्हणून सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या मला भाऊ म्हणायच्या. शिंदखेड्याकडच्या शेतकरी घरातल्या विधवा. सर्टिफिकेट मिळालं तर नोकरी. नाहीतर दिराच्या शेतात जन्मभर निंदणी.

त्या दुपारी एन्झाइम शिकवत होतो. "अन्न फोडतं, पण स्वतः जसंच्या तसं राहतं," असं ऐटीत सांगितलं. ऊब वाढली की त्याचं काम झपाट्यानं होतं, इथवर मी वाचलं होतं. पुढचं पान उलटायचा आळस केला होता. म्हणून पदरचं ठोकून दिलं, "उकळत्या दुधात तर क्षणात!"

अक्का उठल्या. "उकयता दूधमा कोनी इरजन टाकस का, भाऊ?"

"अक्का, विरजण घरी लावा. हा वर्ग आहे, चूल नव्हे."

मुली खो खो हसल्या. तुम्हीही हसला असता. माझं बोलणंच तसं होतं.

पुढच्या आठवड्यात विषमज्वराची एक बाई वॉर्डात आली. दूध पचेना, म्हणून एन्झाइमच्या पाचक भुकटीनं आधीच थोडं पचवलेलं दूध द्यायचं ठरलं. अक्कांनी दूध कोमट केलं. मी ते पुन्हा शेगडीवर ठेवायला लावलं आणि खदखदल्यावर भुकटी घालायला सांगितली. अक्कांनी तोंड वाकडं केलं, पण घातली. भुकटी जागीच मेली. बाईनं सगळं ओकून टाकलं. दोन दिवस हाती लागते की नाही असं झालं.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "उकळत्या दुधात कुणी घातली?"

"मी, साहेब," अक्का म्हणाल्या. "भाऊंनी सांगितलं म्हणून."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी असं कसं सांगेन, साहेब?" वर्गात इतकं अस्खलित मी कधी बोललो नव्हतो.

अक्का एवढंच म्हणाल्या, "भाऊ?"

वर्गाच्या पटावरून त्यांचं नाव कमी झालं. तिसऱ्या दिवशी दीर गाडी घेऊन आला. इस्पितळाची पांढरी साडी घडी करून परत देऊन अक्का गाडीत बसल्या. मी खिडकीतून पाहिलं. मग वर्गात जाऊन बरोबर ते शिकवलं: एन्झाइमला अंगाइतकीच ऊब लागते, उकळलं की ते मरतं.

"म्हणजे अक्का बरोबर होत्या, मास्तर?" एका मुलीनं विचारलं.

"पुढचं लिहून घ्या," मी म्हणालो.